भोजनाच्या मेजावरचे हसू

जेम्स जॉईस या आयरिश लेखकाची ‘अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन’ ही कादंबरी १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. धर्मश्रद्धेपासून दुरावलेल्या कलावंताची कहाणी म्हणून आपल्यापैकी अनेकांनी ती काहीशा संशयानेच हाती घेतली असेल. सेमिनरीत असताना आम्हीही ती तशीच वाचली. तिच्या पहिल्या प्रकरणातील शिक्षेचा प्रसंग प्रसिद्ध आहे. नायकाच्या बंडाची ती पहिली ठिणगी, असा त्याचा अर्थ लावला जातो. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. धर्मग्रामाच्या शाळेची जबाबदारी काही वर्षे वाहिल्यानंतर आम्ही ही कादंबरी पुन्हा उघडली, तेव्हा आमचे लक्ष शिक्षेवर नव्हे, तर तिच्यानंतर बऱ्याच पानांनी ऐकू येणाऱ्या एका हसण्यावर खिळून राहिले.

प्रसंग असा. क्लाँगोज वुड हे येशूसंघीय धर्मगुरूंचे निवासी विद्यालय. लहानग्या स्टीफनचा चष्मा फुटला आहे आणि वर्गशिक्षक फादर अर्नाल यांनी त्याला लेखनातून सूट दिली आहे. अभ्यासावर देखरेख करणारे फादर डोलन वर्गात येतात. सूट दिल्याचे वर्गशिक्षक त्यांना सांगतातही. पण चष्मा मुद्दाम फोडला असे ठरवून ते मुलाच्या दोन्ही तळहातांवर चामडी पट्ट्याने प्रहार करतात. येथे जॉईस एक बारीक तपशील नोंदवतात. मारण्यापूर्वी फादर डोलन मुलाचा तळहात नीट धरतात, तेव्हा त्या मऊ बोटांच्या स्पर्शाने मुलाला क्षणभर वाटते, की हे आपल्याशी हस्तांदोलन करणार आहेत. वेदना हाताची असते. घात मात्र त्या क्षणभराच्या विश्वासाचा होतो.

पुढे सवंगड्यांच्या आग्रहावरून स्टीफन रेक्टरांकडे तक्रार घेऊन निघतो. अंधाऱ्या बोळातून जाताना भिंतींवर संतांची चित्रे आहेत : संत इग्नेशियस, आपल्या गोव्याला चिरपरिचित असलेले संत फ्रान्सिस झेवियर, आणि संत स्टॅनिस्लॉस, संत अलोयशियस, जॉन बर्कमन्स हे तरुणांचे आदर्श. बालकांचे आश्रयदाते भिंतीवर टांगलेले आहेत आणि त्यांच्याखालून एक बालक भीत भीत एकटेच चालले आहे. संस्थेवर याहून मर्मभेदक टीका क्वचितच कोणी केली असेल.

रेक्टर कठोर नाहीत. ते ऐकून घेतात, हस्तांदोलन करतात, फादर डोलन यांच्याशी स्वतः बोलण्याचे आश्वासन देतात. पण घडले त्याला ते ‘चूक’ म्हणतात; फादर डोलन यांना ठाऊक नसावे, असे सुचवतात. मी सांगितले होते, असे मुलगा म्हणतो. तो शब्द मात्र बदलत नाही. ‘चूक’ म्हटले, की अन्याय उरत नाही. उरतो तो केवळ गैरसमज. तरीही मुलगा कृतार्थ होऊन परततो. सवंगडी टोप्या उडवतात. आणि तो मनाशी ठरवतो, की फादर डोलन यांच्यापुढे ताठा दाखवायचा नाही, जमल्यास त्यांच्यासाठी काही चांगलेच करायचे. कोणी मागण्यापूर्वीच बालकाने क्षमा केलेली आहे.

दुसऱ्या प्रकरणात स्टीफनचे वडील घरी सांगतात : रेक्टर भेटले होते, ती तक्रारीची गोष्ट त्यांनी भोजनाच्या वेळी सर्वांना सांगितली आणि फादर डोलन यांच्यासह सारेच पोट धरून हसले. वडीलही हसतात. मुलाला त्या वेळी काय वाटले? जॉईस एक अक्षरही लिहीत नाहीत. कथा सरळ पुढल्या प्रसंगाकडे वळते. समीक्षक ज्याला बंडाचा आरंभ म्हणतात, तो आमच्या मते पट्ट्याच्या आवाजात नाही. तो या मौनात आहे.

क्लाँगोज ही सुखवस्तू घरांतील मुलांची शाळा होती. तेथील मुलाला निदान रेक्टरांचे दार ठोठावता आले. आयर्लंडच्याच औद्योगिक शाळांतील गरीब, निराधार मुलांना तेही दार नव्हते. त्या संस्थांतील मारहाण, लैंगिक अत्याचार आणि उपेक्षा यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ख्रिस्तसभेची मान खाली गेली. आपल्याकडेही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याने बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक केले. ती दडवणारा संस्थाप्रमुख शिक्षेस पात्र ठरतो. तरीही २०२४ साली बदलापुरात, बालवर्गातील मुलींच्या तक्रारीची वेळीच दखल घेतली गेली नाही म्हणून लोकांना रुळांवर उतरावे लागले. कायदा दार उघडून देतो. दाराआड कोणी कसे ऐकावे, हे तो शिकवू शकत नाही.

आपल्या शाळांच्या महोत्सवी स्मरणिकांत माजी विद्यार्थी अमुक फादरांच्या छडीच्या आठवणी हसत हसत लिहितात. जे टिकले, त्यांनी त्या लिहिल्या. जे शाळा सोडून गेले, त्यांचा लेख स्मरणिकेत नसतो.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, ठाऊक नाही. काही वर्षांपूर्वी चौथीतील एका मुलाची आई आमच्याकडे आली होती. मुलाला तासभर उन्हात उभे केले होते. “फादर, तो रात्री झोपेत दचकतो,” ती म्हणाली. काही गैरसमज झाला असेल, असे आम्ही तिला सांगितले, शिक्षकांशी बोललोही. त्या रात्री जेवताना सोबतच्या धर्मगुरूंना ही हकीकत सांगताना आम्ही त्या मुलाच्या अडखळत बोलण्याची नक्कल केली आणि सगळे हसले. पुढल्या जूनमध्ये तो मुलगा दुसऱ्या शाळेत गेला. त्याचे कारण आम्ही विचारले नाही.

बालकांना आपल्याजवळ येऊ न देणाऱ्या शिष्यांवर प्रभू रागावला, असे संत मार्क नोंदवतो. त्या शिष्यांनी कोणाला मारले नव्हते. त्यांना बालकांचे येणे फक्त क्षुल्लक वाटले होते. ज्याला धर्मविरोधी ठरवून आम्ही बाजूला सारले होते, त्या कादंबरीकाराने आमच्याच मेजावर बसून आमचे हसू ऐकले आहे. ही कादंबरी आपल्या प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापकाने वाचावी, आणि दुसऱ्या प्रकरणातील ते पान येताच थोडा वेळ थांबावे.