बाल्बेकचें स्थानक

कादंबरींतील गांव नकाशावर शोधून काढण्याची हौस वाचकांत फार आहे. हौस निरुपद्रवी खरी. पण गांव सांपडलें कीं ग्रंथ समजला, असें मानणारेही पुष्कळ भेटतात. मार्सेल प्रूस्त (१८७१–१९२२) ह्या फ्रेंच कादंबरीकारानें निर्मिलेल्या बाल्बेक नामक समुद्रकांठच्या गांवासंबंधानें हा समज विशेष दृढ आहे; आणि त्यामुळें त्या गांवाच्या स्थानकावर घडणारी एक लहानशी गोष्ट बहुतेकांच्या नजरेंतून सुटते, अशी आमची तक्रार आहे.

बाल्बेक पृथ्वीच्या पाठीवर कोठेंही नाहीं. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील काबूर येथें प्रूस्त १९०७ पासून १९१४ पर्यंत उन्हाळ्यांत जात असे, व तेथील मोठें होटेल त्याच्या लेखनास उपयोगी पडलें, एवढें खरें. इलिये नांवाच्या दुसऱ्या एका गांवानें तर १९७१ सालीं, ग्रंथकाराच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, कादंबरींतील कोंब्रे हें नांव स्वतःच्या नांवास अधिकृतपणें जोडून घेतलें. काबूरनें तसें कांहीं केलें नाहीं, हें त्या गांवाच्या शहाणपणाचें लक्षण आम्ही समजतों.

कारण बाल्बेकचा जन्मच मुळीं नांवांतून झालेला आहे. १९१३ सालीं निघालेल्या पहिल्या भागाच्या शेवटीं कथानायक हा एक आजारी, हळवा मुलगा आहे. एका परिचितानें त्याला सांगितलेलें असतें कीं, बाल्बेकचा किनारा म्हणजे धुक्याचा, वादळांचा, भूमीचें अगदीं शेवटचें टोंक असा; दुसऱ्यानें सांगितलेलें असतें कीं, तेथील चर्च इतकें विलक्षण आहे कीं तें इराणी शिल्पच वाटावें. मुलानें दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, आणि त्याच्या मनांत लाटांचे तडाखे सोसणारें एक इराणी मंदिर कड्यावर उभें राहिलें. दुपारीं एक वाजून बावीस मिनिटांनीं सुटणाऱ्या गाडीच्या मार्गावरील नांवें तो मंत्रासारखीं घोकतो: बायो, कूतांस, पोंतोर्सों, बाल्बेक, लानियों, पोंतावेन. बाल्बेक वगळतां हीं सारीं गांवें खरीं आहेत; पण तीं नॉर्मंडीपासून ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत अशीं विखुरलेलीं आहेत कीं, तीं एका फेरींत ओळीनें गांठणें कोणत्याही इंजिनास साधावयाचें नाहीं. ग्रंथकारास भूगोल येत नव्हता असें मात्र कोणीं समजूं नये. ही गाडी मुलाच्या जिभेवरून धांवते.

१९१९ च्या दुसऱ्या भागांत हा मुलगा, आतां तरुण झालेला, खरोखरच बाल्बेकला निघतो. आजी बरोबर आहे. पण ती वाटेंत एका मैत्रिणीकडे मुक्काम करते, आणि चर्च पाहण्याच्या ओढीनें हा एकटाच पुढें जातो. उतरल्यावर त्यास कळतें कीं बाल्बेक दोन आहेत: एक जुनें, आंतल्या बाजूचें, जेथें मोठी आगगाडी थांबते, आणि दुसरें किनाऱ्यावरचें, जेथें जाण्यासाठीं लहान गाडींत बसावें लागतें. आपल्याकडे ज्या स्थानकाच्या नांवास 'रोड' हें शेपूट असतें तेथें उतरून पुढील वाहन शोधणाऱ्यास ही स्थिति समजावून देण्याची गरज नाहीं. चर्च आहे तें ह्या जुन्या बाल्बेकमध्यें, आणि समुद्र तेथून वीस किलोमीटरांहून दूर! ट्रामच्या दोन वाटा जेथें फुटतात त्या चौकांत तें उभें आहे. समोर बिलियर्डची पाटी लावलेलें कॉफीगृह, शेजारीं बँकेची शाखा, आणि मिठाईवाल्याच्या भट्टीचा वास. जी मूर्ति त्याच्या कल्पनेंत कालातीत होती तिच्या अंगावरही शेजारच्या दिव्यांचा उजेड पडावयाचा. आतां ती उंची मोजतां येईल व सुरकुत्या गणतां येतील अशी दगडाची म्हातारी होऊन बसली.

येथपर्यंतचें सारें वाचकांच्या ध्यानांत राहतें, व 'स्वप्नभंग' असा शब्द उच्चारून ते पुढें जातात. आम्हांस हा निकाल पोरकट वाटतो. पुढें एल्स्तीर नामक चित्रकार ह्या तरुणाची कानउघाडणी करतो. त्या चर्चच्या दारावरील शिल्प म्हणजे सामान्य जनांस वाचतां यावें असें चित्रमय बायबल आहे, आणि एका स्तंभशीर्षावर तर खरोखरीच इराणी विषय कोरलेला आहे, हें त्याला दाखवून देतो. म्हणजे नांवानें फसविलें नव्हतें. ट्रामच्या तारांमागें पाहण्याची संवय नव्हती, इतकेंच.

परंतु डोळस झाल्यानें सर्वच लाभ होतो असेंही नाहीं. चौथ्या भागांत (१९२१–२२) तीच लहान गाडी पुन्हां येते. तिचा मार्ग साठ सेंटिमीटर रुंदीचा. लोकांनीं तिला वळणांवरून, मंद चालीवरून, भयंकर भोंग्यावरून नाना टोपणनांवें ठेवलेलीं. तींत बसून ब्रिशो हा सॉर्बोनचा प्राध्यापक प्रत्येक गांवाच्या नांवाची व्युत्पत्ति सांगत सुटतो. ओंफ्लर वगैरे नांवांच्या शेवटीं फूल आहे असें आपल्या नायकास वाटत होतें. तें फूल नसून बंदर निघतें. दुसऱ्या एका नांवांतील बैल नाहींसा होऊन तेथें झोंपडी उरते. कल्पना सुंदर आहे. पण हीं पानें फार लांबलीं आहेत आणि प्रूस्तच्या निस्सीम भक्तांनींही तीं कित्येकदां उलटून टाकलीं असतील. शेवटीं प्रत्येक स्थानकावर कोणी ना कोणी ओळखीचा हस्तांदोलनास उभा राहतो, आणि वेळापत्रक हें पत्त्यांचें पुस्तक होतें.

ह्या ओळखींत गांवचा कोळी मात्र कोठें नाहीं. एका प्रसंगीं तो आहे: रात्रीं होटेलच्या भोजनगृहाच्या कांचेस नाक लावून आंतील श्रीमंतांस मत्स्यालयांतील माशांप्रमाणें न्याहाळणारा. ही कांच सदैव टिकेल काय, असा प्रश्न ग्रंथकार विचारतो आणि तेथून निघून जातो. त्यानें तेथें अधिक थांबावयास हवें होतें, असें आम्हांस प्रामाणिकपणें वाटतें.

आतां त्या सुटलेल्या गोष्टीकडे वळूं. चर्च पाहून खिन्न झालेला तरुण लहान गाडींत शिरतो तों आजी तेथें एकटीच बसलेली. तिनें सर्व व्यवस्था लावण्यासाठीं फ्रान्स्वाज ह्या मोलकरणीस पुढें धाडलें होतें. पण दिशा चुकीची सांगितल्यामुळें ती बिचारी ह्या घटकेस नांतच्या रोखानें भरधांव चालली आहे. आजी विचारते, बाल्बेक कसें वाटलें? नातवास केवढा आनंद झाला असेल ह्या आशेनें तिचा चेहरा असा उजळलेला असतो कीं, आपली निराशा एकदम सांगण्याचें त्याला धैर्य होत नाहीं. तो मनांत दगडी मूर्तीचेंच दुःख उगाळीत बसतो. त्याच रात्रीं होटेलांत ती त्याचे बूट स्वतः काढूं लागते.

पुढें आजी वारते. तिला पुरून वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर तो पुन्हां बाल्बेकला येतो, आणि पहिल्याच रात्रीं, थकलेल्या छातीस जपत, बूट काढावयास वांकतो. त्या क्षणीं त्यास पहिल्या रात्रीची आजी दिसते. तिचा चेहरा प्रेमळ आहे, चिंतातुर आहे, आणि निराश झालेला आहे. ती गेली, हें त्याला तेव्हां प्रथम समजतें.