वनौषधींचा गुण आणि आतड्यांतील जीवाणू : चंद्रपूर-गडचिरोलीतील वनस्पती-अभ्यासाची चिकित्सा

प्रास्ताविक :
चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांतील औषधी वनस्पतींवर महाविद्यालयीन पातळीवर विपुल लेखन झाले आहे. शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, उपयुक्त भाग व व्याधी अशा चार रकान्यांत माहिती देण्याचा प्रघात आहे. नोंद म्हणून तो उपयुक्त असला, तरी वनस्पतीचा गुण केवळ वनस्पतीतच असतो, हे त्यामागील गृहीतक तपासणे आवश्यक ठरते.

विवेचन :
हिरडा व आवळा यांत एलॅजिटॅनिन वर्गातील संयुगे असतात. ती मूळ स्वरूपात रक्तात फारशी शोषली जात नाहीत. त्यांपासून सुटणाऱ्या एलॅजिक आम्लाचे आतड्यांतील जीवाणू युरोलिथिनांत रूपांतर करतात व ही संयुगे अधिक सहजतेने शोषली जातात. परंतु काही व्यक्तींमध्ये युरोलिथिन तयारच होत नाही. विदर्भाच्या आहारातील जवसाबाबतही असेच घडते. त्यातील लिग्नानांपासून एन्टेरोलॅक्टोन घडवतात ते जीवाणूच. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील अभ्यासात प्रतिजैविके घेतलेल्या व्यक्तींच्या रक्तात त्याचे प्रमाण कमी आढळले. जीवाणू गुण घडवतात तसा घालवतातही. डिजिटॅलिस वनस्पतीपासून मिळणारे डिगॉक्सिन हे हृदयविकारावरील औषध एगर्थेला लेन्टा या जीवाणूचे काही प्रकार निष्प्रभ करतात.

या संदर्भात डॉ. राणी बंग यांचे ‘गोईण’ हे पुस्तक लक्षणीय ठरते. गडचिरोलीतील स्त्रियांचे झाडांशी असलेले नाते ते मांडते. गोईण म्हणजे मैत्रीण. मैत्रीला दोन बाजू असतात. चार रकान्यांच्या तक्त्यात मात्र झाड उरते आणि ते सेवन करणारी व्यक्ती गळून पडते. अर्थात अनुभवकथन म्हणजे औषधी परिणामाचा पुरावा नव्हे. तसेच, औषधाचा गुण न आल्यास प्रत्येक वेळी जीवाणूंकडे बोट दाखवणे ही केवळ पळवाट ठरेल.

निष्कर्ष :
परीक्षानळीतील परिणामावरून एखाद्या वनस्पतीला रामबाण म्हणणे आणि काहींना गुण आला नाही म्हणून लोकज्ञानाला अंधश्रद्धा ठरवणे, हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. यापुढील नोंदींत औषध कोणी घेतले, कसे तयार केले, रोजचा आहार कोणता, नजीकच्या काळात प्रतिजैविके घेतली होती काय आणि गुण कोणाला आला नाही, या बाबींचा समावेश व्हावा. त्याविना वनस्पतींची यादी वाढेल; ज्ञान वाढेलच असे नाही.