मालिकेतील नायक आणि गुणवत्तेची विषमता

अतिमानवी नायकांच्या काही चित्रमालिकांचा दर्जा एका पर्वातून दुसऱ्या पर्वात जाताना का ढासळतो, या प्रश्नाला ‘प्रतिभा आटली’ असे उत्तर सहज दिले जाते. या उत्तरात एकच निर्माता आणि एकच सलग संहिता गृहीत धरलेली असते. मालिकेच्या बाबतीत ही दोन्ही गृहीते तपासून घ्यावी लागतात.

१९६७ ते १९७० या काळात तीन पर्वांत प्रसारित झालेली ‘स्पायडर-मॅन’ ही मालिका या दृष्टीने उद्बोधक आहे. पहिल्या पर्वानंतर ग्रँट्रे-लॉरेन्स ही निर्मितिसंस्था दिवाळखोरीत निघाली. पुढील पर्वांची सूत्रे राल्फ बाक्शी यांच्याकडे आली, तीही तुटपुंज्या अंदाजपत्रकासह. परिणामी जुनी दृश्ये वारंवार वापरली गेली. एका भागात तर ‘रॉकेट रॉबिन हूड’ या निराळ्याच मालिकेतील चित्रण उचलले गेले. नायकाचे नाव आणि वेष कायम राहिले. त्यामागचे हात, वेळ व पैसा मात्र बदलले.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांचे उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचे आहे. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू या नायकांना घेऊन त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. तेथील चढउतार लेखनाचा वेग, वाचकांची मागणी आणि साच्याची पुनरावृत्ती यांच्या संदर्भात समजून घ्यावे लागतात; तरीही ते अखेर एका लेखकाच्या खात्यावर मांडता येतात. चित्रमालिकेत असे खातेच नसते. संहितांना एकत्र बांधण्याचे जे कार्य लेखकाचे नाव करते, त्याकडे फूकोने १९६९ मध्ये लक्ष वेधले होते. चित्रमालिकेत हे कार्य नायकाचे नाव पार पाडते. प्रेक्षकाची एकसंधतेची अपेक्षा त्यातूनच निर्माण होते आणि अपेक्षाभंगही त्यातूनच होतो.

तथापि विषमता म्हणजे सर्वस्वी ऱ्हास नव्हे. बाक्शींच्या पर्वांतील आकाशाचे गडद, अवास्तव रंग आणि स्वप्नवत् अवकाश पहिल्या पर्वात आढळत नाहीत. टंचाईने कथानक विरळ केले, पण त्यामुळेच वातावरणाला अधिक वाव मिळाला. निर्मितीचे अर्थकारण गुणवत्ता थेट ठरवीत नाही. कोणत्या गुणाला जागा उरेल, एवढे ते ठरवते.

म्हणून संपूर्ण मालिकेला एक कलाकृती मानून तिचा सरासरी मूल्यनिर्णय देण्याऐवजी पर्व हे मूल्यमापनाचे एकक मानणे इष्ट ठरेल. अन्यथा संस्थेच्या निर्णयांचा दोष कलावंतांच्या माथी येतो आणि टंचाईतही अनामिक चित्रकारांनी जे साधले, ते समीक्षेच्या नजरेतून निसटते.