झूम न करता

सफारीहून आलेल्या फोटोंत बहुधा प्राण्याचं नुसतं तोंड असतं; तो राहतो कुठे, ते कळतच नाही. निक ब्रँट यांनी २००७ साली केनियातल्या अंबोसेलीत पाणी पिणाऱ्या हत्तीचा कृष्णधवल फोटो काढला, तोही टेलिफोटो लेन्स न वापरता. त्यामुळे हत्तीबरोबर पाणी नि आभाळही चौकटीत आलं. उजेड मऊ आहे; म्हणून सुळे फटफटीत होत नाहीत आणि कातडीची सुरकुती न् सुरकुती दिसते. २००९ मध्ये चोरट्या शिकाऱ्यांनी हाच हत्ती मारला. त्यांना दिसले ते फक्त सुळे. जीव दिसायला त्याच्याभोवती जागा सोडावी लागते. मैत्रिणींनो, सफारीला जाल तेव्हा एक तरी फोटो झूम न करता काढा.