श्रेया सिंघल निकाल: आपण अर्धाच वाचतो

इंटरनेटवरच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विषय निघाला की ‘श्रेया सिंघल’ खटल्याचं नाव येतंच. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. निकालाचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण याच निकालाचा दुसरा भाग मला कच्चा वाटतो. माझ्या संशोधनात मी पुन्हा पुन्हा तिथेच अडखळते.

आधी पक्का भाग बघू. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल २०१२ साली फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, हे तुम्हाला आठवत असेल. एकीने पोस्ट लिहिली, दुसरीने ती नुसती लाइक केली. तिथे हेच ६६अ लावलं होतं. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं. संविधानाच्या कलम १९(२)मध्ये भाषणावर निर्बंध घालण्याची आठच कारणं दिली आहेत. ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ त्यात नाहीत. चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं हा हक्क आहे. चिथावणी सुरू झाली की मगच कायदा आड येऊ शकतो.

आता कच्चा भाग. वेबसाइट किंवा पोस्ट ब्लॉक करण्याचा अधिकार सरकारला देणारं कलम ६९अ आणि त्याखालचे २००९चे नियम याच निकालाने वैध ठरवले. का? तर आदेशात कारणं लेखी द्यावी लागतात, लिहिणाऱ्याचा पत्ता लागला तर त्याचंही म्हणणं ऐकायचं असतं, आणि आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान देता येतं.

वाचायला छानच आहे. पण त्याच नियमांमधला नियम १६ सांगतो की तक्रार आणि कारवाई, दोन्ही कडक गोपनीय ठेवायची. मग मला सांगा, जो आदेश हातातच पडत नाही त्याला आव्हान कसं द्यायचं? न्यायालयाने नियम १६ची चिकित्सा न करता तो तसाच ठेवला.

याचा परिणाम बघा. हुंड्याची खिल्ली उडवणारी ‘डाउरी कॅल्क्युलेटर’ ही वेबसाइट २०१८ मध्ये ब्लॉक झाली. ती चालवणाऱ्याला आदेशाची प्रत आणि सुनावणी द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं ते २०२२ मध्ये. म्हणजे आधी शिक्षा आणि चार वर्षांनी आरोपपत्र!

काही गोष्टी राष्ट्रीय सुरक्षेसाठी गुप्त ठेवाव्या लागतात, असं कुणी म्हणेल. मान्य. मग तेवढा मजकूर झाका, अख्खा आदेश कशाला? काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरच्या ‘अनुराधा भसीन’ निकालात, २०२० साली, याच न्यायालयाने बंदीचे आदेश प्रसिद्ध करायला सांगितले. संपूर्ण प्रदेशाचं इंटरनेट बंद करण्याचा आदेश जाहीर करता येतो, तर एका पोस्टचा का नाही?

६६अ निदान दिसत होतं. अटक झाली की बातमी यायची, आरडाओरडा व्हायचा. ६९अखाली मजकूर गुपचूप नाहीसा होतो. पुढच्या वेळी ‘हा मजकूर भारतात उपलब्ध नाही’ असं स्क्रीनवर दिसलं, तर आठपैकी कोणतं कारण लावलंय ते शोधून बघा. उत्तर सापडणार नाही, आणि ते सापडू नये अशीच नियमाची रचना आहे.