कडेवरचे मूल : ‘पोशम पा’च्या निमित्ताने

बंगळुरास बदलून आलो त्या दिवसाची एक आठवण आहे. राणी चन्नम्मा गाडीतून भल्या सकाळी उतरून आम्ही समोरच्या मॅजेस्टिक बसस्थानकावर आलो. सामान बरेच होते आणि पत्नीच्या कडेवर दीड वर्षांचा मुलगा. बस लागली, तारांबळ उडाली, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंनी हात पुढे केले. त्यांचे कानडी आम्हांस कळत नव्हते आणि आमचे मराठी त्यांस. पत्नीने क्षणभरही विचार न करता मूल त्यांच्या कडेवर दिले. सामान चढेपर्यंत त्या बाई त्यास खेळवीत उभ्या होत्या. परप्रांतात झालेले आमचे ते पहिले स्वागत. ‘पोशम पा’ हा चित्रपट घरी बसून पाहताना मला वारंवार तीच सकाळ आठवत होती. मात्र त्या आठवणीतले सुख हरपले होते.

२०१९ साली झी-५ वर आलेला हा हिंदी चित्रपट जेमतेम सव्वा तासाचा आहे. मोजकी पात्रे, मोजकी स्थळे, थोडकी साधने. दिग्दर्शक सुमन मुखोपाध्याय हे बंगाली रंगभूमीवरून आलेले. कथानक मात्र आपल्या मातीतले आहे. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांच्या गुन्ह्यांवर ते बेतलेले आहे. नावे तेवढी बदलली आहेत. १९९० ते १९९६ या काळात तेरा मुले पळविल्याचा आरोप या मायलेकींवर होता. १९९६ मध्ये त्यांस अटक झाली. अंजनाबाई खटल्यापूर्वीच कोठडीत मरण पावली. मुलींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ साली फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने ती २००४ साली व सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कायम केली. टोळीत एक पुरुषही होता. तो माफीचा साक्षीदार होऊन सुटला, आणि लोकांच्या स्मरणात तीन बायकाच उरल्या.

माहितीपट काढणारे दोघे तरुण तुरुंगात जाऊन या बहिणींस बोलते करतात, अशी चित्रपटाची मांडणी आहे. आईच्या भूमिकेत माही गिल, मुलींच्या भूमिकांत सयानी गुप्ता आणि रागिणी खन्ना. अभिनय कसदार आहे. आईच्या एका दृष्टिक्षेपाने थोरल्या मुली लहान पोरींसारख्या आक्रसतात, तेव्हा एरवीच्या भयपटांतील किंकाळ्यांची उणीव भासत नाही. रक्तपात दाखविण्याचा मोह दिग्दर्शकाने बहुतांशी आवरला आहे, हेही त्याच्या श्रेयात जमा केले पाहिजे.

असे असूनही चित्रपट संपल्यावर मन अस्वस्थ होण्याऐवजी मोकळे होते, आणि माझी तक्रार येथूनच सुरू होते. या बायका अशा का झाल्या, याचे उत्तर चित्रपट त्यांच्या मनात शोधतो. मुलींचे उत्तर आईत सापडते, आईचे तिच्या भोगलेल्या आयुष्यात. कोडे सुटले की प्रेक्षक सुटतो. आपल्या लोककथांतील हडळीची पावले उलटी असतात. ती पाहिली की माणूस सावध होतो. विकृत मनाचा उलगडा म्हणजे त्याच उलट्या पावलांची नवी आवृत्ती होय. अशी माणसे वेगळीच असतात, ती आपल्यात नसतात, हा दिलासा दोन्हींतून मिळतो.

प्रत्यक्ष खटल्यातील भय निराळ्या जागी होते. या बायका गर्दीत चोऱ्या करीत. पकडले जाण्याचा प्रसंग आला की कडेवरचे मूल हीच त्यांची ढाल. एका प्रसंगी तर लोकांचे लक्ष वळविण्यासाठी मूल जमिनीवर आपटले गेले, आणि जमाव चोरी विसरला. मूल कडेवर असलेली बाई चोर असू शकत नाही, हा तुमचा आमचा समज हेच त्यांचे हत्यार होते. ते मूल तिचे आहे काय, हे विचारण्याचे कोणास सुचले नाही. म्हणजे या कथेतील महत्त्वाचे पात्र ती गर्दी आहे, आणि चित्रपट गर्दीकडे पाहतो तो केवळ पार्श्वभूमी म्हणून.

भागवतकारास हे रहस्य ठाऊक होते. दशम स्कंधातील पूतना सुंदर रूप घेऊन गोकुळात येते, बाळास मांडीवर घेते. आणि यशोदा व रोहिणी तिच्या तेजाने दिपून नुसत्या पाहत उभ्या राहतात. कथेचा खरा थरकाप मला विषाहूनही त्या पाहत राहण्यात वाटतो. पूतना राक्षसी का झाली यावर तेथे पाल्हाळ नाही.

हे महाराष्ट्रापुरतेच आहे असेही नाही. आपण राहतो त्या बंगळुरात केंपम्मा नावाची स्त्री २००७ च्या अखेरीस पकडली गेली. ‘सायनाइड मल्लिका’ हे तिचे वर्तमानपत्री नाव. दुःखाने गांजलेल्या बायका ती देवळांत हेरी, दागिने घालून पूजेस बोलावी आणि पूजेच्या निमित्ताने विषारी पाणी पाजी. तेथे कडेवरच्या मुलाचे काम भक्तीने केले, एवढाच फरक.

चित्रपटात नसलेला शेवट आपल्यासारख्या कार्यालयीन माणसांनी विशेष लक्ष देऊन वाचावा असा आहे. राष्ट्रपतींनी या बहिणींचे दयेचे अर्ज २०१४ मध्ये फेटाळले. फाशी मात्र झाली नाही. १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. कारण, त्या अर्जांच्या निकालास लागलेली सात वर्षे, दहा महिने, पंधरा दिवस. यंत्रणेच्या बेपर्वाईवर न्यायालयाने कठोर ताशेरे ओढले. फाशी योग्य की अयोग्य, हा वाद येथे नको. पण तेवढी वर्षे दोन बायका दोराकडे पाहत होत्या आणि मुले गमावलेल्या आया निकालाकडे. कोणा एकाचा दुष्टावा त्यात असण्याचे कारण नाही. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जात असेल, कोठे सही राहिली असेल, कोठे सुट्टी लागली असेल. असल्या एखाद्या टेबलाशी माझी रोजची बैठक आहे. तुरुंगातील ती अंधारी खोली पाहून मी घाबरलो नाही; हा आकडा वाचून घाबरलो.

मागील महिन्यात गावी निघालो होतो. तेच मॅजेस्टिक, तशीच गर्दी. मुलगा आता चालतो. कडेवर धाकटी आहे. एका बाईंनी पूर्वीसारखेच हात पुढे केले. पत्नीने मुलीस छातीशी घट्ट धरले आणि मान हलविली. तिनेही माझ्याबरोबर तो चित्रपट पाहिला होता. त्या बाईंनी हात मागे घेतले. चेहऱ्यावर राग नव्हता, थोडा संकोच होता. मी काही बोललो नाही.

भय राक्षसीत आहे असे सांगणारी कलाकृती शेवटी आपल्याला प्रत्येक बाईकडे संशयाने पाहावयास लावते. भय आपल्या न पाहण्यात आहे असे सांगणारी कलाकृती डोळे उघडे ठेवून विश्वास टाकावयास शिकविते. ‘पोशम पा’ दुसऱ्या वाटेच्या अगदी जवळ येऊन पहिलीकडे वळला. त्या बाईंस मराठी येत असते, तर निदान क्षमा तरी मागता आली असती.