‘कोर्ट’मधला साक्षीदार आणि खर्ड्याचा साक्षीदार

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा २०१४ चा चित्रपट कंटाळवाणा आहे, असं म्हणणारे आम्हाला आजही भेटतात. त्यांनी एकदा आपल्या नगरच्या न्यायालयात दिवसभर बसून बघावं. पुढची तारीख मिळते आणि लोक एसटी पकडायला निघतात. चित्रपटाने ही संथ चाल जशीच्या तशी ठेवली, हे आम्हाला धाडसाचं वाटतं.

त्यातला उत्तम प्रसंग म्हणजे गटारात मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष. नवरा गटारात उतरण्यापूर्वी झुरळं बाहेर येतात का ते बघायचा, हे ती सहज सांगून जाते. एका शाहिरावर आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा आरोप, आणि इथे तर हातमोजे, मास्क काहीच नव्हतं! न्यायाधीश तिचं बोलणं आपल्या शब्दांत लघुलेखकाला सांगतात. रेकॉर्डवर जाते ती ही भाषा. बोलणारी बाई मागेच राहते.

पण इथे आमची तक्रार आहे. या चित्रपटातली बाई निदान बोलते तरी. पोलिसांचा ठरलेला पंचही उलटतपासणीत उघडा पडतो. आपल्या जिल्ह्याचा अनुभव याहून कठीण आहे. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयात आरोपी पुराव्याअभावी सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. त्याच महिन्यात, त्याच न्यायालयाने कोपर्डी खटल्यात तिघांना फाशी सुनावली. गाव तेच बोलतं का, हे कोण मेलं आणि कोण आरोपी आहे यावर ठरतं काय? आम्हाला हा प्रश्न टाळता येत नाही.

आता कायदा बघा. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, आणि तो जबाब स्वतंत्र पुरावा होत नाही. साक्षीदाराचं म्हणणं खोडायलाच तो कामी येतो. हे योग्यच आहे, नाहीतर चौकीत दमदाटी करून खटले उभे राहतील. दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब शपथेवर असतो, तरी खरी साक्ष ती पिंजऱ्यातलीच. म्हणजे घटना आणि साक्ष यांच्यामधली तीन-साडेतीन वर्षं साक्षीदाराने त्याच गल्लीत, त्याच किराणा दुकानाशी उधारी ठेवून काढायची!

न्यायदर्शनात आप्ताचा शब्द प्रमाण आहे. आप्त म्हणजे ज्याला ठाऊक आहे आणि जसं ठाऊक आहे तसं सांगायची ज्याची इच्छा आहे. पण ठाऊक आहे, इच्छाही आहे, आणि सांगितलं तर विहीर बंद होईल, अशा माणसाचं काय? गौतमाच्या सूत्रांत त्याला जागा नाही. ‘कोर्ट’मध्येही नाही. सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली ती डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे खर्ड्याच्या निकालानंतर वर्षभराने. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत राज्यांनी अशी योजना करावी असं कलम ३९८ मध्ये आहे. ती खर्ड्यासारख्या गावात कोणाच्या दारापर्यंत पोचली, हे इथल्या वकील मंडळींनी प्रश्नोत्तरांत सांगावं.